वंशावळी आणि जुनी दप्तरं शोधणारे वि. का. राजवाडे



चौथीच्या मुलांना एकदा घरचा अभ्यास दिला होता. आपल्या घराण्यातली नावं जितकी मागे जाता येईल तितकी लिहून आणा. बहुतेक वह्या पणजोबांपाशी थांबल्या. पणजीचं नाव तर दोघा-तिघांनाच मिळालं. इकडे आपल्या बीड जिल्ह्यात नोंदी शोधायला लोक शाळेचं जुनं रजिस्टर बघायला येतात, मोडी वाचणारा माणूस शोधत फिरतात. अशा वेळी मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा, रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावचा. वडील लहानपणीच वारले. १८९० मध्ये ते बी.ए. झाले. पत्नी लवकर गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढे वाईला त्यांच्या हाती पेशवेकाळातली पत्रं लागली आणि आयुष्याची वाटच ठरली. १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. असे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे एकूण २२ खंड झाले!

हे काम सोपं नव्हतं बरं का. कागद असायचे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अडगळीत, वाळवी लागलेले. दाखवायला लोक तयार नसत, कारण कागद बाहेर गेला तर वतन जाईल ही भीती. राजवाडे गावोगाव हिंडायचे, स्वतःच्या हाताने रांधून खायचे, घरमालकाची मनधरणी करायचे. एरवी माणूस भयंकर तापट, पण कागदासाठी कुणाच्याही दारात उभा राहायचा. इंग्रजी उत्तम येत असून लिहिलं मात्र मराठीतच.

आपल्या बीडशीही त्यांचा संबंध आहे. इथल्या पाटांगणावर त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ मध्ये छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही. ज्याने जन्मभर कागद वाचवले त्याच्याच हातून आलेली पोथी हरवावी, याची मला फार हळहळ वाटते.

आता घराण्यांकडे येऊ. वसाहत म्हटलं की मुलांना इंग्रज, पोर्तुगीज, पुदुच्चेरीचे फ्रेंच आठवतात. पण आपल्याच कोकणात माणसं कुठून येऊन राहिली? राजवाड्यांना हाच प्रश्न पडला होता. १९२४ मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे पालघरकडचं केळवे-माहीम. बिंब राजाबरोबर ६६ कुळं आली, असं ही बखर सांगते. त्या हकिकतीत आपल्या शेजारच्या पैठणचंही नाव येतं. राजा कोण होता एवढ्यावर राजवाडे थांबले नाहीत. कुळं, आडनावं, गोत्रं, गावांची नावं यांवरून कोण कुठून आलं याचा माग काढत त्यांनी लांबलचक प्रस्तावना लिहिली.

यातलं सगळंच खरं मानू नका. एका शब्दावरून ते कधी कधी हजार वर्षं मागे उडी घेत, आणि त्यांचे कितीतरी निष्कर्ष नंतरच्या अभ्यासकांनी नाकारले. वर्णाचा अभिमानही त्यांच्या लिखाणात डोकावतो. वर्गात सांगताना हे लपवू नये, असं मला वाटतं. पण त्यांनी छापलेली पत्रं आजही अभ्यासकांना लागतातच.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं. तिथेही मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. शेवटी धुळ्याला राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच त्यांचं निधन झालं. घर नाही, संसार नाही, मागे राहिली ती कागदांची दप्तरं. ती जपायला धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं.