चॉकलेट कारखान्याच्या मालकाने मजुरांच्या घरखर्चाचा हिशोब मांडला आणि किमान वेतनाची चर्चाच बदलली

किटकॅट तुम्ही कधी ना कधी खाल्लंच असेल. हे चॉकलेट १९३५ साली पहिल्यांदा बाजारात आलं, ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या राउन्ट्री कंपनीच्या कारखान्यातून. सुरुवातीला त्याचं नाव वेगळं होतं, किटकॅट हे नाव दोन वर्षांनी पडलं. तेव्हा या कंपनीचे अध्यक्ष होते सीबोम राउन्ट्री.

पण आज जगभरातले अर्थतज्ज्ञ आणि कामगार चळवळीतले लोक राउन्ट्रींचं नाव घेतात ते चॉकलेटसाठी नाही. रोज कामावर जाणारा, पगार घरी आणणारा माणूससुद्धा गरीब का राहतो, हा प्रश्न त्यांनी घराघरात जाऊन, आकडे मोजून सोडवायचा प्रयत्न केला. किमान वेतन ठरवायचं तर आधी कसला अभ्यास करावा लागतो, याचा पहिला मोठा धडा त्यांच्या कामातून मिळाला.

कोण होते सीबोम राउन्ट्री?

सीबोम यांचा जन्म ७ जुलै १८७१ चा, यॉर्कमधला. वडील जोसेफ राउन्ट्री यांचा कोको आणि चॉकलेटचा धंदा होता. घराणं क्वेकर पंथाचं. साधी राहणी, दारूपासून लांब राहणं आणि आपल्या संपत्तीचा समाजाला उपयोग व्हावा ही या पंथाची शिकवण.

शाळा संपल्यावर सीबोम मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि १८८९ मध्ये घरच्या कारखान्यात रुजू झाले. शहरात प्रौढांसाठी चालणाऱ्या शाळेत ते शिकवायचे. तिथे येणारे विद्यार्थी म्हणजे दिवसभर राबून आलेले कामगार. १८९५ मध्ये ते न्यूकॅसलला गेले आणि तिथल्या झोपडवस्त्या बघून हादरले.

त्याच काळात चार्ल्स बूथ या उद्योजकाने लंडनच्या गरिबीचा प्रचंड मोठा अभ्यास चालवला होता. लंडनमधले जवळपास ३० टक्के लोक गरीब आहेत, असं त्यातून पुढे आलं. त्यावर अनेकांचं म्हणणं पडलं की लंडनची गोष्टच वेगळी, देशभरातले गरीब तिथे येऊन गोळा होतात. मग एखाद्या साध्या, मध्यम आकाराच्या शहरात काय परिस्थिती आहे? राउन्ट्रींनी आपलंच शहर तपासायचं ठरवलं.

११,५६० घरांचा सर्व्हे

१८९९ मध्ये यॉर्कची लोकसंख्या साधारण पाऊण लाख होती. राउन्ट्रींनी नमुन्यादाखल काही घरं निवडली नाहीत. शहरातल्या सगळ्याच कामगार कुटुंबांची माहिती गोळा करायची असं ठरलं. ज्यांच्या घरी नोकर आहेत अशी कुटुंबं वगळली. बाकी ११,५६० कुटुंबांची, म्हणजे ४६,७५४ माणसांची नोंद झाली. घरात किती माणसं, खोल्या किती, भाडं किती, कोण काय काम करतं, अशी सगळी माहिती वहीत उतरवली गेली.

पगाराचा आकडा मात्र घरच्यांना विचारून भागणार नव्हतं. लोक तो सांगताना कमी-जास्त करतात. त्यामुळे अकुशल कामगारांच्या मजुरीची माहिती मालकांकडून मिळवली आणि कुशल कामगारांची त्या त्या धंद्यातल्या चालू दरांवरून धरली. काही कुटुंबांना रोजचा खर्च लिहून ठेवायला सांगितलं. तपशीलवार हिशोब ठेवणारी अशी १८ कुटुंबं शेवटी हाती लागली.

आता कमाई कळली. पण किती कमाई म्हणजे पुरेशी? इथे राउन्ट्रींचं रसायनशास्त्र कामी आलं.

जगायला आठवड्याला किती लागतात?

शरीराला किती अन्न लागतं यावर अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर हे शास्त्रज्ञ संशोधन करत होते. मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,५०० कॅलरी लागतात, हा त्यांचा आकडा राउन्ट्रींनी घेतला. मग स्थानिक बाजारभाव बघून सर्वात स्वस्तात तेवढ्या कॅलरी देणारा आहार ठरवला. त्यात मटणाला जागाच नव्हती. निराधारांसाठी सरकार जी वर्कहाउस चालवायचं, तिथल्या जेवणापेक्षाही हा आहार साधा होता.

नवरा, बायको आणि तीन मुलं अशा पाच जणांच्या कुटुंबाचा आठवड्याचा हिशोब असा झाला. जेवणाला १२ शिलिंग ९ पेन्स. घरभाड्याला ४ शिलिंग. कपडे, जळण आणि बाकी सगळं मिळून ४ शिलिंग ११ पेन्स. १२ पेन्सचा एक शिलिंग या हिशोबाने बेरीज झाली २१ शिलिंग ८ पेन्स.

ही रेषा त्यांनी मुद्दाम इतकी खाली ओढली होती. या पैशात बसचं भाडं नाही, वर्तमानपत्र नाही, पत्र पाठवायला तिकीट नाही, चर्चच्या दानपेटीत टाकायला नाणं नाही, मुलांना खेळणं नाही आणि बापाला तंबाखूही नाही. गरिबांचा विषय निघाला की उधळेपणा आणि दारूकडे बोट दाखवायची तेव्हा पद्धत होती. एकही पेनी वाया न घालवता जगणाऱ्या कुटुंबालाही जर पैसे पुरत नसतील, तर त्या आरोपात काही अर्थ उरत नाही.

आणि पैसे पुरत नव्हतेच. यॉर्कमध्ये अकुशल मजुराची आठवड्याची कमाई १८ ते २१ शिलिंगांच्या आसपास होती. म्हणजे बायको आणि तीन मुलं असलेला मजूर रोज कामावर जाऊनही रेषेच्या खालीच.

अर्ध्याहून जास्त जणांच्या गरिबीचं कारण एकच

हा अभ्यास १९०१ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातले आकडे खळबळजनक होते. ७,२३० माणसं अशी होती ज्यांच्या घरात या किमान गरजांपुरतीही कमाई येत नव्हती. राउन्ट्रींनी याला प्राथमिक गरिबी म्हटलं. आणखी १३,०७२ माणसांच्या घरी कमाई रेषेच्या वर होती, पण त्यातले पैसे इतर गोष्टींवर, मग त्या उपयोगी असोत की निरुपयोगी, खर्च होत होते आणि घरातली ओढाताण स्पष्ट दिसत होती. ही दुय्यम गरिबी. दोन्ही मिळून शहरातले २७.८४ टक्के लोक गरीब निघाले. लंडनच्या आकड्याच्या अगदी जवळ.

पण खरा धक्का होता कारणांच्या तक्त्यात. प्राथमिक गरिबीत असलेल्यांपैकी बेकारीमुळे गरीब झालेले होते फक्त २.३१ टक्के. आजारपण किंवा म्हातारपणामुळे ५.११ टक्के. कमावता माणूस मेल्यामुळे १५.६३ टक्के. आणि घरातला कर्ता नियमित कामावर असूनही मजुरीच कमी असल्यामुळे गरीब असलेले तब्बल ५१.९६ टक्के.

म्हणजे ही माणसं आळशी नव्हती, बेकारही नव्हती. त्यांना मिळणारी मजुरीच जगण्यापुरती नव्हती. याला दानधर्म हा इलाज होऊ शकत नव्हता.

आणखी एक गोष्ट या अभ्यासाने दाखवली. मजुराच्या आयुष्यात गरिबी येते-जाते. लहानपणी हाल, कमवायला लागल्यावर थोडं बरं, लग्न होऊन मुलं झाली की पुन्हा हाल, मुलं कमवायला लागली की दिलासा आणि म्हातारपणी पुन्हा हाल. म्हणजे एका दिवशी मोजलेल्या गरिबांपेक्षा आयुष्यात कधीतरी गरिबी भोगलेल्यांची संख्या कितीतरी जास्त असणार.

टीकाही झाली. धर्मादाय कामाचं मोठं प्रस्थ असलेल्या हेलन बोझांक्वे यांनी या आकड्यांवर शंका घेतली. दुय्यम गरिबी तर सर्व्हे करणाऱ्याने घराची अवकळा बघून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकून ठरवलेली होती, त्यामुळे तो भाग कच्चा होता. पण प्राथमिक गरिबीचा हिशोब खोडून काढणं अवघड होतं.

धंद्याला काय परवडतं, की माणसाला किती लागतं?

हे पुस्तक वाचून अस्वस्थ झालेल्यांमध्ये एक तरुण खासदार होते, विन्स्टन चर्चिल. पुढे व्यापार खात्याचे मंत्री असताना १९०९ मध्ये त्यांनी ट्रेड बोर्ड कायदा आणला. तयार कपडे, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या बनवणं या चार धंद्यांत मजुरी फारच कमी होती. तिथे मालक, कामगार आणि त्रयस्थ व्यक्ती मिळून किमान दर ठरवू लागले. पण या बोर्डांमधली चर्चा मुख्यतः धंद्याला किती परवडेल यावर चालायची.

राउन्ट्रींना हा क्रम उलटा वाटत होता. आधी माणसाला किती लागतं ते ठरवा, मग धंदा तेवढं कसं देऊ शकेल ते बघा, अशी त्यांची मांडणी होती. १९१३ मध्ये त्यांनी मे केंडल यांच्यासोबत शेतमजुरांच्या ४२ कुटुंबांचे हिशोब प्रसिद्ध केले. इंग्लंड आणि वेल्समधले फक्त पाच परगणे सोडले तर बाकी सगळीकडे शेतमजुराची सरासरी कमाई जगण्याच्या रेषेखाली होती. १९१७ मध्ये युद्धकाळातल्या कायद्याने शेतमजुरांना आठवड्याला २५ शिलिंग किमान मजुरी मिळाली.

१९१८ मध्ये त्यांनी थेट किमान वेतनावरच पुस्तक लिहिलं. यात रेषा वर सरकली. वर्तमानपत्र, प्रवास, करमणूक अशा गोष्टी आता माणसाच्या गरजा म्हणून धरल्या गेल्या. पुरुषासाठी ४४ शिलिंग आणि स्त्रीसाठी २५ शिलिंग असे आकडे त्यांनी सुचवले.

इथे एक अवघड प्रश्न होता. वेतन किती माणसांच्या कुटुंबासाठी ठरवायचं? एकट्या माणसासाठी ठरवलं तर मुलं उपाशी राहतील. सहा मुलांसाठी ठरवलं तर मालक ओरडतील. राउन्ट्रींनी तीन मुलं धरली आणि त्याहून जास्त मुलं असतील तर सरकारने भत्ता द्यावा असं सुचवलं. स्त्रियांचा आकडा मात्र एकटीच्या गरजेवर काढला होता. कुटुंब पोसणाऱ्या स्त्रियांचं काय, याचा त्यांनी नंतर वेगळा सर्व्हे केला आणि अशा स्त्रिया कमी आहेत असा निष्कर्ष काढला. पण संख्येने कमी असल्या तरी त्यांच्या घरांना तो पगार पुरणारा नव्हता. किमान वेतनाच्या हिशोबात कोणतं गृहीतक धरलं यावर कोणाचं पोट भरणार हे ठरतं, हे यातूनही दिसतं.

स्वतःच्या कारखान्यात काय केलं?

राउन्ट्री कंपनीत आठ तासांचा दिवस १८९६ पासून होता. कारखान्यात डॉक्टर नेमले गेले, १९०६ मध्ये पेन्शन आली, १९१९ मध्ये ४४ तासांचा, पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. १९२३ मध्ये सीबोम कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९४१ पर्यंत त्या पदावर राहिले. चांगला पगार द्यायचा तर कारखाना नीट चालवता आला पाहिजे, यावर त्यांचा भर होता. कमी पगार हे त्यांच्या मते बऱ्याचदा गलथान व्यवस्थापनाचं लक्षण होतं.

तेच शहर, पुन्हा दोनदा

१९३५-३६ मध्ये त्यांनी यॉर्कचा दुसरा सर्व्हे केला. या वेळी रेडिओ, युनियनची वर्गणी, थोडी बिअर आणि तंबाखूही गरजांमध्ये धरली. या नव्या रेषेखाली ३१.१ टक्के कामगारवर्ग निघाला. जुनी, कडक रेषा लावली तर हेच प्रमाण १८९९ च्या १५.४६ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आलेलं होतं. घरोघरी जाण्याऐवजी नमुना घेऊन भागलं असतं का, हेही त्यांनी गोळा केलेल्या कागदांवरच तपासून बघितलं. १९४२ च्या प्रसिद्ध बेव्हरिज अहवालासाठी जगण्याचा किमान खर्च ठरवतानाही त्यांचा सल्ला घेतला गेला.

तिसरा सर्व्हे १९५० चा. तेव्हा कामगारवर्गातले तीन टक्क्यांहूनही कमी लोक गरीब निघाले आणि मुख्य कारण कमी मजुरी नसून म्हातारपण होतं. पुढच्या संशोधकांनी मात्र हे चित्र जरा जास्तच आशादायक असल्याचं दाखवलं. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी सीबोम राउन्ट्रींचं निधन झालं.

भारताशी संबंध काय?

राउन्ट्रींचं पुस्तक आलं त्याच १९०१ साली दादाभाई नवरोजींचं भारताच्या गरिबीवरचं पुस्तकही लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. माणसाला जगायला किमान किती लागतं हे काढण्यासाठी दादाभाईंनी त्याआधीच परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांचा आहार आणि तुरुंगातल्या कैद्यांवरचा खर्च यांचा आधार घेतला होता. दोघांनी स्वतंत्रपणे, पण एकाच दिशेने विचार केला होता.

आपल्याकडे किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलं आणि १९४८ मध्ये कायदा झाला. पण आकडा काढायचा कसा? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने त्याचं सूत्र दिलं. नवरा १, बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६ असे मिळून तीन खाणारे धरायचे. प्रत्येकाला डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं आणि जळण, दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी आणखी २५ टक्के जोडले. आधी फक्त पोटापुरतं, मग माणूस म्हणून जगण्यापुरतं, असा राउन्ट्रींच्या हिशोबाचा जो प्रवास झाला, तोच इथेही दिसतो.

ब्रिटनमध्ये सर्व धंद्यांना लागू होणारं राष्ट्रीय किमान वेतन आलं ते १ एप्रिल १९९९ रोजी, यॉर्कच्या पहिल्या सर्व्हेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तिथला लो पे कमिशन हा आयोग दर सुचवण्याआधी दरवर्षी संशोधन करवून घेतो. नोकऱ्या कमी होतात का, कोणत्या धंद्यांवर ताण येतो, हे प्रश्न त्यात असतात आणि ते महत्त्वाचेही आहेत. मात्र या पगारात घर चालतं का, हा प्रश्न त्या यादीतून सुटला तर काय होतं, ते १८९९ च्या यॉर्कमध्ये रोज कामावर जाऊनही अर्धपोटी राहणाऱ्या घरांनी दाखवून दिलं होतं.