तारेची नाडी पाहणारा वैद्य

आमच्या मुर्धा गांवास पावसाळा नवा नाहीं. भाईंदरहून उत्तनकडे जाणारा रस्ता, त्याच्या आजूबाजूस पसरलेलीं मिठागरें, आणि वर्षाचे चार महिने या सर्वांवर ओढलेला पावसाचा पडदा, हें दृश्य आमच्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रोजचें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका श्रावणांत आमच्या घरचा टेलिफोन अकस्मात् मुका झाला. घरचें एक माणूस मुंबईच्या रुग्णालयांत होतें, शस्त्रक्रियेचा दिवस होता, आणि बातमीची वाट पाहत आम्ही सारे त्या काळ्या डब्याभोंवतीं बसलों होतों. मोबाइल त्या वेळीं शेजारींपाजारीं कोणाजवळही नव्हता. दुसऱ्या दिवशीं लाइनमन सायकलवरून आला. एका खांबावर चढून त्यानें यंत्र लावून ऐकलें, मग पुढच्या खांबावर, मग त्याच्याही पुढच्या. आणि चौथ्या खांबावरील एक सांधा काढून त्यानें आमच्या हातावर ठेवला. खाऱ्या वाऱ्यानें तो सांधा हिरवागार होऊन खाल्ला गेला होता. बातमी चांगलीच होती; परंतु ती आम्हांस एक रात्र उशिरां कळली, आणि ती रात्र आमच्या घरांत कोणी विसरलें नाहीं.

शेंकडों खांबांतून नेमका आजारी खांब हुडकून काढण्याची ही विद्या आपल्या देशांत कोणाबरोबर आली, याचा शोध घेऊं लागलों तेव्हां आम्हांस एका वैद्याचें नांव सांपडलें. त्याचें चरित्र यंदाच्या अंकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडांतील लिमरिक या गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस झाला. १८२९ सालीं एडिंबरो येथें त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. पुढें दोनच वर्षांनीं इंग्लंडांत पटकीची भयंकर सांथ आली. माणसें पाहतां पाहतां सुकून निळीं पडत, आणि वैद्य मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणें त्यांचें उरलेंसुरलें रक्त काढीत. वयाची पंचविशीही न गांठलेल्या ओशॉनेसींनीं रोग्यांचें रक्त रसायनशाळेंत तपासलें आणि त्यांस असें आढळलें कीं, त्यांतील पाणी व क्षार फारच कमी झाले आहेत. तेव्हां जें गेलें आहे तेंच परत द्यावें, म्हणजे मिठाचें पाणी शिरेंतून शरीरांत घालावें, असा उपाय त्यांनीं सुचविला. १८३२ सालीं स्कॉटलंडांतील टॉमस लाट्टा नांवाच्या डॉक्टरांनीं तो प्रत्यक्ष करून पाहिला व कांहीं रोगी अक्षरशः मरणाच्या दारांतून परतले. आज रुग्णालयांत खाटेशेजारीं जी सलाइनची बाटली टांगलेली दिसते तिचें मूळ येथें आहे. मिठागरांच्या गांवांत राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट वाचून मौज वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

१८३३ सालीं ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत वैद्य म्हणून कलकत्त्यास आले. तेथें मेडिकल कॉलेज निघाल्यावर ते रसायनशास्त्राचे अध्यापक झाले. देशी औषधींचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला व त्यावर मोठे ग्रंथ लिहिले. त्याविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे, परंतु आमचा विषय तार हा आहे.

१८३९ सालीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत या रसायनाच्या अध्यापकांनीं एक विलक्षण खटाटोप आरंभिला. बांबू उभे करून त्यांवरून त्यांनीं कित्येक मैल लोखंडी तार फिरविली, आणि एक तुकडा हुगळी नदीच्या पाण्याखालून नेला. तिकडे इंग्लंडांत व्हीटस्टन व अमेरिकेंत मोर्स हे याच उद्योगांत होते, आणि मोर्सची प्रसिद्ध वॉशिंग्टनची तार तर १८४४ सालची आहे. ओशॉनेसींजवळ चांगलीं यंत्रें नव्हतीं. मग संदेश कसा वाचावा? त्यांनीं स्वतःचीं बोटेंच तारेस लावलीं. विजेचा झटका कोणत्या क्षणीं बसतो हें दोन्ही टोंकांच्या मिळविलेल्या घड्याळांवरून पाहावयाचें व त्यावरून अक्षर ओळखावयाचें! रोग्याची नाडी पाहणाऱ्या हातानें तारेची नाडी पाहिली असें म्हटलें तर ती निव्वळ अलंकारिक भाषा होणार नाहीं. परंतु सरकारास त्या वेळीं या प्रयोगाचें महत्त्व वाटलें नाहीं, आणि बारा एक वर्षें तो तसाच पडून राहिला.

पुढें डलहौसी गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्या उत्तेजनानें १८५१-५२ मध्यें कलकत्त्यापासून डायमंड हार्बरकडे व तेथून समुद्राच्या बाजूस खेजरीपर्यंत तार गेली. या कामीं ओशॉनेसींस टांकसाळींतील एक बंगाली तरुण मिळाला. त्याचें नांव शिवचंद्र नंदी. डायमंड हार्बरहून पहिला संकेत त्यानेंच पाठविला आणि पुढें त्या मार्गाची देखरेखही त्याच्याकडेच आली. पद्मा नदींतून तार टाकावयाची वेळ आली तेव्हां त्यानें कोळ्यांच्या होड्या जमवून काम तडीस नेलें, ही गोष्ट उत्तन व पाली येथील आमच्या वाचकांस आवडेल. १८८३ सालीं त्यास रायबहादूर हा किताब मिळाला. ओशॉनेसींच्या नांवाबरोबर हें नांव घेतलें जात नाहीं, तें घेतलें पाहिजे असें आमचें मत आहे.

१८५२ च्या एप्रिलांत रंगून पडल्याची बातमी घेऊन जहाज नदीच्या मुखाशीं आलें, तेव्हां जहाजाच्या पुष्कळ आधीं ती बातमी तारेनें कलकत्त्यास पोंचली. मग मात्र सरकारचे डोळे उघडले. १८५३ च्या नोव्हेंबरांत कलकत्ता ते आग्रा या तारेचें काम सुरू झालें, आणि १८५४ च्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस आठशें मैलांवरून आग्र्याचा संदेश कलकत्त्यास आला. पुढें आग्र्याहून इंदूरवरून मुंबई, मुंबईहून मद्रास, व दुसरीकडे सिंधु नदीवरील अटक, अशा शाखा फुटल्या. १८५५ च्या १ फेब्रुवारीस या सर्व तारा लोकांस खुल्या झाल्या, तेव्हां त्यांची लांबी ३,०५० मैल व कचेऱ्या ४१ होत्या. आगगाडी त्या वेळीं मुंबईहून कल्याणपर्यंतच पोंचली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पंधरा महिन्यांच्या कामाची खरी किंमत कळते.

परंतु तार ओढणें निराळें आणि ती नांदती ठेवणें निराळें. या देशांत तारेचे शत्रू किती! वावटळ आहे, वीज आहे, खांब पोखरणारी वाळवी आहे. तारेवर बसणारे कावळे व घारी आहेत, लोंबकळणारीं माकडें आहेत. विलायतेंतल्याप्रमाणें बारीक तार येथें टिकणार नाहीं हें ओशॉनेसींनीं ओळखलें. म्हणून त्यांनीं पहिल्या मार्गावर तीन अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळईच वापरली. ती जड पडे; पण माकडाच्या वजनानें तुटत नसे, ताणून धरावी लागत नसे, आणि जाड असल्यामुळें प्रवाहास तिच्यांतून वाट सोपी असे. पावसाच्या माऱ्यांत थोडी वीज खांबांवाटे जमिनींत गळाली तरी उरलेली पलीकडे पोंचे. कोठें कोणतें संकट येईल याचा विचार आधींच करून ठेवावयाचा, ही त्यांची पद्धत.

तारेस होणारे रोग मुख्यतः तीन. तार तुटली तर प्रवाह पुढें जात नाहीं आणि चुंबकसूचीचा कांटा हलतच नाहीं. तार ओल्या झाडास किंवा जमिनीस टेंकली तर कांटा चांगला जोरानें हलतो, आणि अननुभवी माणूस फसतो. कारण प्रवाह वाटेंतच जमिनींत मुरत असतो व पलीकडच्या कचेरींत कांहींच पोंचत नाहीं. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर एकीचा निरोप दुसरीवर उमटतो. रोग कोणता हें कळलें तरी तो कोठें आहे हा प्रश्न राहतोच. त्यास सोपा उपाय असा कीं, मधल्या कचेरींतून दोन्ही बाजू तपासावयाच्या. ज्या बाजूचें उत्तर येत नाहीं तिची पुन्हां मधली कचेरी घ्यावयाची. असें करीत गेलें म्हणजे शंभर मैलांचा संशय दहा मैलांवर येतो, आणि मग माणूस चालत निघतो. पुढें याहून सूक्ष्म रीति निघाली. तार प्रवाहास मैलामागें किती विरोध करते हें ठाऊक असलें तर कचेरींत बसून तो विरोध मोजावयाचा आणि दोष किती मैलांवर आहे हें त्रैराशिकानें सांगावयाचें. हें मापन नियमानें कसें करावें याचे ग्रंथ हिंदुस्थानच्या तारखात्यांतील लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्तज्ज्ञानें १८७८ च्या सुमारास लिहिले. आज कांचेच्या तंतूंतून बोलणें जातें तेथेंही प्रकाशाचा एक ठोका आंत सोडतात, तुटक्या जागेवरून तो परत येण्यास किती वेळ लागला हें पाहतात, आणि त्यावरून अंतर काढतात. साधन बदललें, गणित जुनेंच राहिलें.

ओशॉनेसींचें सर्वच बरोबर होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. विलायती यंत्रें महाग व नाजूक, म्हणून त्यांनीं येथल्या कारागिरांकडून लहानसें कांट्याचें यंत्र करविलें. कांटा डावीकडे किती वेळां झुकला व उजवीकडे किती वेळां झुकला, हें डोळ्यांनीं पाहून अक्षरें लिहून घ्यावयाचीं. यंत्र स्वस्त होतें, परंतु कागदावर कांहीं उमटत नसे. आणि मुंबईची तार कलकत्त्यास जाईपर्यंत वाटेंतल्या कचेऱ्यांत ती पुनःपुन्हां उतरून घेऊन पुनःपुन्हां पाठवावी लागे. प्रत्येक हाताबरोबर चुका वाढत. व्यापाऱ्यांनीं व वर्तमानपत्रांनीं याविषयीं पुष्कळ ओरड केली, आणि ती अकारण नव्हती. येथें ओशॉनेसींचा मोठेपणा दिसतो. १८५६ मध्यें ते परदेशीं गेले, मोर्सचीं यंत्रें पाहून आले, आणि स्वतः घडविलेलें यंत्र बाजूस सारून मोर्सची पद्धत त्यांनीं या देशांत आणविली. त्याच वर्षीं त्यांस सर हा किताब मिळाला. आपलेंच अपत्य असें दूर करणें किती कठीण असतें, हें ज्यांनीं कांहीं घडविलें आहे त्यांस सांगावयास नको.

१८५७ च्या मे महिन्यांत ते या देशांत नव्हते. त्यांच्या जागीं पॅट्रिक स्टुअर्ट काम पाहत होते. १० मे रोजीं दुपारनंतर दिल्लीच्या तारकचेरींतून मीरतेस हांक जाईना. ब्रेंडिश व पिल्किंग्टन हे दोघे तरुण सिग्नलर संध्याकाळीं यमुनेपलीकडे जाऊन तार तपासून आले. तेथून दिल्ली बोलत होती, मीरत बोलत नव्हती. म्हणजे दोष पुढें होता. मधल्या कचेरीची जी रीति वर सांगितली तीच ही. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचे वरिष्ठ टॉड हे तो दोष काढावयास निघाले, आणि परत आले नाहींत. मीरतेहून निघालेले शिपाई तोंवर पुलावर आले होते. ही तार वाऱ्यानें किंवा वाळवीनें तुटली नव्हती. कचेरी सोडण्यापूर्वीं त्या दोघां तरुणांनीं उरलेल्या तारेनें अंबाल्यास खबर दिली, ती तेथून पंजाबांत पोंचली, आणि इंग्रज सरकार सावध झालें. ज्या देशबांधवांनीं त्या वर्षीं शस्त्र उचललें त्यांस ती तार वैरीण होती, आणि त्यांनीं ती जागोजाग तोडली. तारेचा इतिहास लिहितांना ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. परंतु तुटलेली तार जोडावयास एकटा निघालेला तो टॉडही आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. त्या कचेरीचें स्मारक म्हणून १९०२ सालीं दिल्लीस काश्मीरी दरवाज्याजवळ एक दगडी स्तंभ उभारण्यांत आला.

उठावानंतर तुटलेलें जाळें पुन्हां जोडून व वाढवून ओशॉनेसींनीं हा देश सोडला. १८६१ सालीं त्यांनीं आपलें आडनांवही बदलून ब्रुक असें घेतलें. त्यामुळें पुढें पुष्कळांस पटकीवर लिहिणारा तरुण वैद्य आणि तारा बांधणारा अधिकारी हे एकच गृहस्थ होते हें ठाऊकही राहिलें नाहीं. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं इंग्लंडांत शांतपणें काढलीं. १८७० सालीं मुंबईहून एडनकडे समुद्रांतून तार गेली, १८८२ च्या जानेवारींत मुंबईस टेलिफोनची कचेरी उघडली. यांपैकीं कशांतही त्यांचा हात नव्हता. १८८९ च्या जानेवारींत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी या गांवीं ते वारले. त्यांनीं सुरू केलेली तारेची सेवा त्यांच्यामागें सव्वाशें वर्षें चालली, आणि २०१३ च्या जुलै महिन्यांत ती बंद झाली.