विजय हजारे : हरत्या डावातही विश्वासू

शब्बाथ शाळेतील मुलांना क्रिकेटचे वेड असते. आपल्याच मराठी प्रोटेस्टंट समाजातील एका थोर खेळाडूची त्यांना ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळाशिक्षक, घरात आठ मुले. देवाने त्यांना फलंदाजी व गोलंदाजी असे दोन हुन्नर दिले आणि त्यांनी त्यांतील एकही पुरून ठेवला नाही. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १८,७४० धावा काढल्या व ५९५ बळी घेतले. थोर फलंदाज ब्रॅडमन यांचा त्रिफळा त्यांनी दोन कसोटी सामन्यांत उडवला.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने धर्मवार संघांत होत. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांच्या संघातून खेळत. १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑन मिळाला, तेव्हा संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी २१ धावाच केल्या. पण दोघांच्या भागीदारीत ३०० धावा झाल्या. तरीही सामना हरला.

मार्च १९४७ मध्ये, देशाची फाळणी जवळ आली असता, ते बडोद्याकडून रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळले. समोर आपल्या बुऱ्हाणपूरच्या शेजारचा, इंदूरचा होळकर संघ होता. हजारे व गुल महंमद, एक ख्रिस्ती व एक मुसलमान, यांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे त्यांनी एकाच कसोटीत ११६ व १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात पाच भारतीय फलंदाज शून्यावर बाद झाले होते. तोही सामना हरला.

अखेर १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे, त्यांच्याच नेतृत्वाखाली, भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार म्हणून १४ सामन्यांतला त्यांचा हा एकमेव विजय. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी ते निवर्तले.

शिक्षकबंधुभगिनींनो, यशाचा हिशेब आपल्या हाती नाही. नेमून दिलेली जागा न सोडणे मात्र आहे. वर्गातील हुशार मुलांना हजाऱ्यांच्या ३०९ धावा सांगा. आणि मागे राहणाऱ्या मुलाला विवेकच्या २१ धावा अवश्य सांगा.