कप दुसऱ्याच्या हातात

रील्समध्ये बघितलं असेल तुम्ही. अमेरिकेतलं एखादं मोठं तळं, चकचकीत बोटी, भोंगा वाजला की सगळे सुसाट. दिवसभरात 'बास' नावाचे मासे जो वजनाने जास्त धरेल तो जिंकला. धरलेले मासे तोलून परत पाण्यात. आपल्या उजनीत पहाटे जाळं टाकणाऱ्याला हे सांगून बघा, तो हसेल. मासा सोडूनच द्यायचा तर दिवसाचा रोज कोण देणार?

पण गळाच्या या हौशी खेळाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलंय, तो गडी तुमच्या ओळखीचा आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे. 'द ओल्ड मॅन अँड द सी'वाला. पु. ल. देशपांड्यांनी ते पुस्तक 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलं. वाचलं नसेल तर हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसताना सोबत घ्या, पुणं येईपर्यंत संपतं. त्याच्या कादंबऱ्या, चार लग्नं, युद्धं हे सगळं गुगलवर मिळेल. आपण आज फक्त त्याच्या गळाबद्दल बोलू.

जन्म १८९९ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. वडील डॉक्टर आणि मासेमारीचे शौकीन. उन्हाळा आला की सगळं घर मिशिगनमधल्या वालून तळ्यावर. तिथं वडिलांनी पोराच्या हातात गळ दिला. १९१८ मध्ये, एकोणीस वर्षंही पूर्ण नव्हती तेव्हा, इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसच्या कामावर असताना तोफगोळा जवळ फुटला आणि पायात दोनशेच्या वर तुकडे घुसले. बरा होऊन आल्यावर तो पुन्हा मिशिगनच्या नद्यांवर मासे धरायला गेला. त्यावर पुढे त्याने एक गोष्ट लिहिली. तिच्यात युद्धावरून आलेला पोरगा एकटाच नदीत ट्राउट मासे धरतो, आणि युद्धाचं नावही निघत नाही.

१९३४ मध्ये त्याने ३८ फुटी बोट बांधून घेतली. नाव 'पिलार'. आता नदी सुटली आणि समुद्र आला, मार्लिन आणि टूना आले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे शास्त्रज्ञ क्युबाला येऊन त्याच्यासोबत समुद्रावर राहिले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या फाउलर यांनी एका माशाच्या जातीला चक्क त्याचं नाव दिलं.

इथपर्यंत भारी वाटतं. पण या माणसाला मैत्रीपूर्ण सामना हा प्रकारच जमत नव्हता. १९३५ च्या एप्रिलमध्ये बिमिनी बेटाकडे निघाला, तर वाटेत बोटीत ओढलेल्या शार्कवर गोळी झाडताना स्वतःच्याच दोन्ही पायांना जखमा करून घेतल्या. बेटावर पोहोचल्यावर गावातल्या गड्यांना बक्षीस लावून बॉक्सिंगला बोलवायचा. एका श्रीमंत प्रकाशकाला त्याने धक्क्यावरच लोळवलं, आणि बेटावरच्या गायकांनी त्यावर गाणं रचलं!

त्याच मोसमातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 'पिलार'वर त्याचा जुना मित्र होता, चित्रकार हेन्री स्ट्रेटर. स्ट्रेटरच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. एवढा मोठा की हेमिंग्वेला तोवर तसा मिळाला नव्हता. स्ट्रेटरने झुंजून तो बोटीजवळ आणला. तेवढ्यात शार्क दिसले आणि हेमिंग्वेने टॉमी गन काढून त्यांच्यावर गोळ्यांचा पाऊस पाडला. पाण्यात रक्त पसरलं, आणि रक्ताच्या वासाने आणखी शार्क आले. मासा अखेर बोटीवर चढला तेव्हा त्याचा निम्मा भाग खाल्लेला होता. तरी उरलेलं वजन भरलं ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. वर फोटो काढले गेले त्यात हेमिंग्वे असा काही रुबाबात उभा, की मासा त्यानेच धरलाय असं वाटावं.

मदत करायला गेला आणि चुकलं, की मित्राचा मासा मोठा निघाला हे बघवलं नाही? स्ट्रेटरचं मत दुसरं होतं, आणि ती दोस्ती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. तुम्हीच सांगा, ग्रुपमधला एखादा असा नसतो का? गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा आउट झाला की बॅट सोडत नाही!

पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, 'एस्क्वायर' मासिकात त्याने एका क्युबन म्हाताऱ्या कोळ्याची हकिगत लिहिली. होडीत एकटा म्हातारा, गळाला मार्लिन, मासा त्याला ओढत दूर समुद्रात घेऊन गेलेला. मग शार्क. लोकांनी त्याला शोधलं तेव्हा निम्म्याहून कमी मासा उरला होता आणि म्हातारा होडीत रडत होता. त्या एका परिच्छेदाचं पुस्तक व्हायला सोळा वर्षं गेली. १९५२ मध्ये 'लाइफ' मासिकाने अख्खी कादंबरिका एका अंकात छापली आणि दोन दिवसांत पन्नास लाखांहून जास्त अंक संपले. १९५४ मध्ये नोबेल. मला स्वतःला वाटतं, त्या अर्ध्या खाल्लेल्या माशात स्ट्रेटरचाही मासा आहे. हा माझा अंदाज, परीक्षेत लिहू नका.

दरम्यान हौशी मासेमारीला नियम आले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९४० पासून हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता. नियम साधा पण कडक आहे. ज्याच्या गळाला मासा लागला, त्यानेच तो ओढायचा. दुसऱ्याचा हात काठीला लागला की विक्रमासाठी तो मासा बाद. समुद्रात पंच कुठून आणणार? सगळा खेळ शब्दावर चालतो. १९५० पासून हवानाला त्याच्या नावाने मार्लिन धरायची स्पर्धाही सुरू झाली.

मे १९६० ची स्पर्धा. हेमिंग्वे साठीचा, पण दिसायला सत्तरीचा. १९५४ मध्ये आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघात झाले होते, तेव्हापासून शरीर सावरलंच नव्हतं. क्युबात क्रांती होऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. आणि स्पर्धेत उतरला कोण, तर फिडेल कॅस्ट्रो. वय ३३. हेमिंग्वेची स्पेनच्या युद्धावरची कादंबरी वाचून आपण गनिमी काव्याचे धडे घेतले, असं तो सांगायचा. समुद्रावरच्या या खेळात तो नवखाच. पण वैयक्तिक पहिलं बक्षीस त्यानेच मारलं.

कप द्यायचा होता हेमिंग्वेच्या हातून. त्या दिवसाचे फोटो शोधून बघा. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि काळ्या दाढीचा तरुण, दोघं हसतायत. बिमिनीत मित्राचा मासा ज्याला सोसला नव्हता असं म्हणतात, तो इथं स्वतःच्या नावाच्या स्पर्धेचा कप दुसऱ्याच्या हातात देतोय. दोघांची ती एकमेव भेट.

दोन महिन्यांत हेमिंग्वेने क्युबा सोडलं. 'पिलार' तिथंच राहिली. नैराश्याने त्याला पुरतं घेरलं होतं, दवाखान्यात विजेचे झटके दिले गेले, त्यात आठवणी पुसट झाल्या आणि लिहिणं थांबलं. २ जुलै १९६१ ला अमेरिकेत केचम इथल्या घरी त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याचे वडीलही १९२८ मध्ये असेच गेले होते.

'पिलार' ज्या कोहीमार गावात नांगरलेली असायची, तिथले लोक पोटासाठी मासे धरणारे. त्यांना त्याचा पुतळा करायचा होता, पण धातू आणायचा कुठून? मग त्यांनी आपापल्या होड्यांचे धातूचे सुटे भाग काढून दिले. ते वितळवून त्याचा अर्धपुतळा ओतला गेला, आणि तो आजही कोहीमारच्या किनाऱ्यावर उभा आहे.