विल्यम लायन्स

सर विल्यम लायन्स (४ सप्टेंबर, १९०१ – ८ फेब्रुवारी, १९८५) हे ब्रिटिश उद्योजक आणि जॅग्वार या मोटार कंपनीचे सहसंस्थापक होते. अभियांत्रिकीची पदवी नसतानाही त्यांनी केवळ नजरेच्या पारखीवर अनेक गाड्यांना रूप दिले. कूपे, म्हणजे दोन दारांची, बंद छताची गाडी, बेताच्या किमतीत देखणी करणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

लायन्स यांचा जन्म इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे झाला. त्यांच्या वडिलांचे वाद्यांचे दुकान होते. मँचेस्टरच्या क्रॉस्ले मोटर्स या कारखान्यात त्यांनी काही काळ उमेदवारी केली. पुढे शेजारी राहणाऱ्या विल्यम वॉल्म्स्ली यांच्यासोबत १९२२ साली त्यांनी स्वॅलो साइडकार ही कंपनी काढली. लायन्स कायद्याने सज्ञान होण्यास २१ वर्षे पूर्ण व्हावी लागणार असल्याने भागीदारीला काही काळ थांबावे लागले. मोटारसायकलींना जोडायच्या साइडकारपासून सुरू झालेला हा व्यवसाय १९२७ पासून ऑस्टिन सेव्हन गाडीवर स्वतःची बॉडी चढवू लागला आणि १९२८ साली कॉव्हेंट्रीला हलला.

कारकीर्द

१९३१ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेल्या एसएस १ या बुटक्या कूपेची किंमत ३१० पौंड होती. दिसायला मात्र ती कितीतरी महाग वाटे. १९३५ साली जॅग्वार हे नाव प्रथम एका गाडीला देण्यात आले. एसएस ही अक्षरे नाझी संघटनेची आठवण करून देत असल्याने १९४५ साली कंपनीनेच जॅग्वार हे नाव धारण केले. लायन्स कागदावर आराखडे काढण्यापेक्षा कुशल कारागिरांकडून पूर्ण आकाराचे नमुने करून घेत आणि ते आपल्या घराच्या अंगणात उजेडात ठेवून पाहत.

१९४८ साली एक्सके १२० ही गाडी आली. ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत १९५१ ते १९५७ या काळात जॅग्वारने पाच विजय मिळवले. १९५६ साली लायन्स यांना सर हा किताब मिळाला. १२ फेब्रुवारी, १९५७ रोजी कारखान्याला भीषण आग लागली, तरी काही दिवसांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले.

ई-टाइप

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ई-टाइप सादर झाली. तिचा आकार विमान उद्योगातून आलेल्या माल्कम सेयर यांनी वायुगतिकीच्या गणितावर बेतला होता. कूपेच्या छताचा नमुना बॉब ब्लेक या कारागिराने बारीक कांबींचा सांगाडा उभारून दाखवला आणि लायन्स यांनी तो मंजूर केला. ३.८ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनावर चालणाऱ्या या गाडीचा जाहीर केलेला वेग ताशी सुमारे २४० किमी होता, तर किंमत ॲस्टन मार्टिनच्या तत्कालीन डीबी४ गाडीच्या जवळपास निम्मी होती. १९७४ पर्यंत ७२,००० हून अधिक ई-टाइप तयार झाल्या.

उत्तरायुष्य

लायन्स यांचा एकुलता एक मुलगा जॉन १९५५ साली ले मान्सला जाताना फ्रान्समधील रस्ते अपघातात मरण पावला. कंपनीची धुरा वाहणारा वारस उरला नाही. अखेर १९६६ साली त्यांनी जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन केली. स्वतःची स्वायत्तता जपण्याचा त्यांचा आग्रह होता. परंतु १९६८ साली ब्रिटिश लेलँड ही प्रचंड कंपनी स्थापन झाल्यावर ती हळूहळू क्षीण होत गेली. त्याच वर्षी आलेली एक्सजे ६ ही त्यांच्या देखरेखीखाली घडलेली शेवटची महत्त्वाची गाडी ठरली. १९७२ साली ते निवृत्त झाले.

१९८४ साली जॅग्वार पुन्हा स्वतंत्र कंपनी झाली. हे पाहून काही महिन्यांतच लायन्स यांचे वॅपनबरी येथील राहत्या घरी निधन झाले. पुढे फोर्डच्या ताब्यात गेलेली ही कंपनी २००८ साली मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने विकत घेतली.