मिकी माऊसच्या बापाने डिस्नेलँड बांधलं, पण तिथल्या सगळ्यात गाजलेल्या राईड्समध्ये कार्टूनच नव्हतं

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा तिथल्या एका राईडबद्दल लोकांची तक्रार असायची. राईड होती स्नो व्हाईटची. लोक छोट्या गाडीत बसायचे, अंधारातून फिरायचे, चेटकीण अंगावर यायची, सफरचंद दिसायचं, बुटके दिसायचे. बाहेर आल्यावर मात्र लोक विचारायचे, सगळं ठीक आहे, पण स्नो व्हाईट कुठंय?

ती नव्हतीच. आणि हे चुकून झालेलं नव्हतं. डिझाईन करणाऱ्यांचं म्हणणं होतं की गाडीत बसलेला माणूसच स्नो व्हाईट आहे. जे तिच्या डोळ्यांना दिसलं तेच तुम्हाला दिसतंय, मग ती समोर कशी दिसेल? पीटर पॅनच्या राईडमध्येही तोच प्रकार, तिथे पीटर पॅन गायब. कल्पना भारी होती, पण पब्लिकच्या डोक्यावरून गेली. शेवटी १९८३ मध्ये या राईड्स नव्याने केल्या तेव्हा दोघांनाही आत उभं करण्यात आलं.

थीम पार्कमध्ये लोकांना ओळखीचं कार्टून द्यायचं की कुठेच न पाहिलेलं काहीतरी नवीन, हा वाद आजही चालू आहे. फॅन लोक त्यावरून तासन्‌तास भांडतात. गंमत म्हणजे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्टून ज्याच्या नावावर आहे, त्या वॉल्ट डिस्नेचं आयुष्य बघितलं तर तो बऱ्याचदा कार्टूनच्या विरुद्ध बाजूला उभा दिसतो.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. वडील इलायस हे हरहुन्नरी पण नशिबाने कायम मार खाल्लेले गृहस्थ. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे त्यांनी सुतारकाम केलं होतं. वॉल्ट चार वर्षांचा असताना कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलिन नावाच्या छोट्या गावात शेती करायला गेलं. गावातून रेल्वे जायची. वॉल्टला आगगाडीचं वेड लागलं ते इथे, आणि ते मरेपर्यंत सुटलं नाही.

पण शेती काही झेपली नाही. १९११ मध्ये बाडबिस्तरा आवरून सगळे कॅन्सस सिटीला आले. वडिलांनी पेपर टाकायची लाईन घेतली आणि पोरांना कामाला लावलं. वॉल्ट पहाटे साडेतीनला उठून बर्फातून पेपर टाकायचा आणि मग शाळेत जाऊन पेंगायचा. थोडा मोठा झाल्यावर रेल्वेत खाऊ आणि पेपर विकायचं काम केलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वय खोटं सांगून रेड क्रॉसमध्ये घुसला आणि फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवून आला.

परत आल्यावर कॅन्सस सिटीत कार्टूनची कंपनी काढली. १९२३ मध्ये ती बुडाली. गडी सुटकेस घेऊन हॉलिवूडला आला आणि थोरला भाऊ रॉय याच्यासोबत नवा स्टुडिओ थाटला. रॉय हिशेब बघणार, वॉल्ट डोकं चालवणार. ही वाटणी पुढे ४० वर्षांहून जास्त टिकली.

१९२७ मध्ये त्यांचा पहिला मोठा हिरो आला, ऑस्वल्ड नावाचा ससा. ससा चालला. म्हणून १९२८ मध्ये वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याला कळलं की वितरक मिंट्झने त्याचे बहुतेक कलाकार परस्पर फोडलेत आणि सशाचे हक्क तर युनिव्हर्सलकडे आहेत. म्हणजे ससा काढला वॉल्टच्या लोकांनी, पण मालक दुसराच. रिकाम्या हाताने परत आल्यावर वॉल्ट आणि त्याचा मित्र अब आयवर्क्स यांनी मिळून मिकी माऊस उभा केला. १८ नोव्हेंबर १९२८ ला ‘स्टीमबोट विली’ लागला आणि पुढचं सगळ्यांना माहितीय. (ऑस्वल्ड घरी परतला तो थेट २००६ मध्ये. डिस्ने कंपनीने एका क्रीडा समालोचकाला करारातून मोकळं केलं आणि बदल्यात युनिव्हर्सलकडून ससा घेतला. कार्टूनच्या बदल्यात माणूस, असा सौदा दुसरा नसेल.)

या दणक्यातून वॉल्ट दोन गोष्टी शिकला. पात्र आपल्या मालकीचं पाहिजे ही एक. दुसरी गोष्ट शिकायला मात्र १९३३ उजाडावं लागलं. त्या वर्षी त्याची तीन डुकरांची छोटी फिल्म तुफान चालली. थिएटरवाले मागे लागले की अजून डुकरं द्या. त्याने दिली, पण पुढच्या एकाही भागाला पहिल्याची सर आली नाही. डुकरावर डुक्कर चढवून डाव जिंकता येत नाही हे वॉल्टच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते कायमचं.

म्हणून मग त्याने १९३७ मध्ये ‘स्नो व्हाईट’ हा पूर्ण लांबीचा कार्टून सिनेमा काढला. तेव्हा अख्खं हॉलिवूड हसत होतं, पण सिनेमाने छप्पर फाडून पैसा दिला. पुढे १९४१ मध्ये स्टुडिओत संप झाला, स्वतःच्याच कलाकारांशी त्याचं फाटलं आणि युद्धाच्या काळात सरकारी फिल्म्स करत दिवस काढावे लागले. कार्टूनमधला त्याचा जीव हळूहळू उडत गेला. तो घरामागच्या अंगणात छोटी आगगाडी बांधत बसायचा. चांगली माणसं बसतील अशी, वाफेवर चालणारी.

शनिवारी तो दोन्ही पोरींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. पोरी मेरी-गो-राऊंडवर फिरायच्या आणि हा बाकावर बसून राहायचा. त्या काळातल्या जत्रा म्हणजे कचरा, दारुडे आणि फसवाफसवी. आईबापांना करायला तिथे काहीच नसायचं. पोरं आणि मोठे एकत्र मजा करू शकतील अशी जागा का नाही, हा किडा इथे वळवळला असं वॉल्ट पुढे सांगायचा.

३१ ऑगस्ट १९४८ ला त्याने एक टिपण लिहिलं. नाव होतं ‘मिकी माऊस पार्क’. आता नाव ऐकून वाटेल की आत सगळीकडे उंदीरच असणार. पण टिपणात होतं काय? एक रेल्वे स्टेशन, गावचा चौक, बसायला बाकं, जुन्या पद्धतीची दुकानं आणि घोडागाड्या. थोडक्यात, मार्सलिन गाव. मिकीचं नाव फक्त पाटीवर होतं.

बरबँक शहराने स्टुडिओजवळच्या जागेत हे पार्क करायला नकार दिला. मग अनाहाइममध्ये संत्र्याच्या बागांची १६० एकर जमीन घेतली. पैशाचं काय? रॉय तयार नव्हता, बँका तर त्याहून नव्हत्या. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं. डिझाईनसाठी स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि सिनेमातले कलाकार उचलून तिथे आणले. शेवटी एबीसी या टीव्ही कंपनीशी सौदा जमला. त्यांनी ५ लाख डॉलर टाकले, ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली, पार्कमध्ये साधारण एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि बदल्यात वॉल्टने दर आठवड्याला एक कार्यक्रम द्यायचा ठरलं. कार्यक्रमाचं नावच ‘डिस्नेलँड’. म्हणजे पार्क बांधून होण्याआधी कित्येक महिने त्याची जाहिरात अमेरिकेच्या घराघरात, आणि ती सुद्धा दुसऱ्याच्या पैशाने.

१७ जुलै १९५५, उद्‌घाटनाचा दिवस. खोटे पास छापून लोक आत घुसले आणि गर्दी २८ हजारांवर गेली. उन्हाने ताजं डांबर वितळलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरच्या संपामुळे संडास किंवा पिण्याच्या पाण्याचे नळ यातलं एकच काहीतरी वेळेत होणार होतं, वॉल्टने संडास निवडले. पेपरवाल्यांनी धू धू धुतलं. तरी दोन-अडीच महिन्यांत दहा लाख लोक येऊन गेले.

आता या पहिल्या डिस्नेलँडमध्ये कार्टून किती होतं? एका भागात, फँटसीलँडमध्ये. बाकी चार भागांत जुनं गाव होतं, जंगल होतं, काऊबॉयचा मुलूख होता आणि भविष्यातलं जग होतं. मिकीचे वेश घातलेली माणसं फिरत होती, पण ते वेश सुद्धा बर्फावरच्या एका नाचाच्या शोमधून उसने आणलेले. मधोमध उभा असलेला तो प्रसिद्ध राजवाडा ‘स्लीपिंग ब्युटी’चा, पण हा सिनेमा आला १९५९ मध्ये. वास्तू आधी, गोष्ट चार वर्षांनी.

अर्थात वॉल्टने कार्टून वर्ज्य केलं होतं असं समजायचं कारण नाही. गडी पक्का धंदेवाला होता. टीव्हीवर डेव्ही क्रॉकेट गाजला की लगेच पार्कात क्रॉकेट आणि त्याच्या केसाळ टोप्या. मॅटरहॉर्न डोंगराची राईड सुद्धा त्याच्याच कंपनीच्या एका गिर्यारोहणाच्या सिनेमावरून सुचलेली. फरक इतकाच की मॅटरहॉर्नमध्ये बसायला तो सिनेमा बघितलेला असण्याची काही गरज नव्हती. अनेकांना तर तो सिनेमा आहे हेच माहीत नाही.

जंगल क्रूझचं बघा. बोटीत बसून नदीतून जायचं आणि काठावर प्राणी बघायचे. वॉल्टला खरे प्राणी हवे होते, पण ते दिवसा झोपतात आणि लपतात, म्हणून यंत्राचे केले. सुरुवातीला बोटवाला अगदी गंभीरपणे माहिती द्यायचा. मग एक दिवस एक बाई पोराला सांगत होती की यात परत कशाला बसायचं, मागच्या वेळी बसलोय की, हे वॉल्टच्या कानावर पडलं असा किस्सा सांगितला जातो. त्यानंतर मार्क डेव्हिस या कलाकाराच्या कल्पनेतून १९६२ मध्ये नदीत डुंबणाऱ्या हत्तींचा एक आख्खा कळप आला. हत्ती आपले, भारतीय.

हा डेव्हिस म्हणजे टिंकर बेल आणि मॅलेफिसंट रंगवणारा माणूस. कार्टूनमधला नंबर एकचा गडी, आणि वॉल्टने त्याला कार्टून नसलेल्या राईड्सवर जुंपलं.

१९६३ मध्ये गाणाऱ्या पोपटांची ‘टिकी रूम’ आली. पोपट यंत्राचे, चोच आवाजाबरोबर हलणारी. मग १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्टने दुसऱ्यांच्या पैशावर चार आकर्षणं बांधली. एकात उठून भाषण करणारा यंत्राचा अब्राहम लिंकन, एकात जगभरच्या पोरांच्या बाहुल्या गाणं म्हणतायत, एकात अमेरिकन घर कसं बदललं ते आणि एकात फोर्डच्या गाड्यांतून डायनासोरची सफर. वडिलांनी जागतिक प्रदर्शनात सुतारकाम केलं होतं, ७१ वर्षांनी पोरगा तिथे चार-चार मंडप घेऊन उभा. मिकी एकातही नव्हता.

तिथून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोटी. वॉल्टच्या डोक्यात समुद्री चाच्यांचं प्रदर्शन होतं. आधी ते चालत बघायचं, मेणाच्या पुतळ्यांसारखं असणार होतं. पण चालत्या लोकांची गर्दी तुंबते. बाहुल्यांच्या राईडमध्ये बोटी एकामागोमाग सुटायच्या आणि तासाला हजारो लोक आरामात फिरून यायचे. मग चाच्यांनाही बोटीच द्यायचं ठरलं. स्टुडिओत एक देखावा मांडून वॉल्टला चाकांच्या गाड्यावर बसवलं आणि बोटीच्या वेगाने त्यातून ढकलत नेलं, म्हणजे प्रवाशाला काय दिसेल ते त्याला कळावं.

पूर्ण झालेली राईड बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. आयुष्यभर सिगारेट ओढलेल्या वॉल्टच्या फुफ्फुसात नोव्हेंबर १९६६ मध्ये कॅन्सर सापडला. १५ डिसेंबरला तो गेला. वय ६५, वाढदिवस होऊन दहाच दिवस झालेले. शेवटच्या रात्रीही तो दवाखान्याच्या छतावरच्या फरश्यांचा नकाशा करून फ्लोरिडातलं नवीन शहर कसं असेल हे समजावत होता, अशी आठवण रॉयने पुढे सांगितली. त्याचं शरीर बर्फात गोठवून ठेवलंय हे व्हॉट्सॲपवर आलं असेल तर डिलीट करा, दोन दिवसांत त्याचं दहन झालं होतं.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ सुरू झाली मार्च १९६७ मध्ये. ‘हाँटेड मॅन्शन’ १९६९ मध्ये. भूतबंगला बाहेरून १९६३ पासून बांधून तयार होता, पण आत घाबरवायचं की हसवायचं यावर एकमत होत नव्हतं. वॉल्ट गेल्यावर दोन्ही करून टाकलं. निवृत्त व्हायला निघालेला रॉय थांबला, त्याने १९७१ मध्ये फ्लोरिडातलं पार्क उघडलं, त्याला भावाचं पूर्ण नाव दिलं आणि अडीच महिन्यांत तोही गेला. तिथे सुरुवातीला पायरेट्सची राईड बांधलीच नव्हती. लोकांनी इतकी विचारणा केली की दोन वर्षांत बांधावी लागली. ज्यात एकही ओळखीचं पात्र नाही अशा राईडसाठी लोक तक्रार करत होते, हे मार्केटिंगवाल्यांनी लिहून ठेवावं असं आहे.

पुढे वारं फिरलं. १९८२ मध्ये एपकॉट सुरू झालं ते कार्टूनशिवाय, पण काही वर्षांतच मिकीला तिथे बोलवावं लागलं. २००३ मध्ये पायरेट्सच्या राईडवरून सिनेमा निघाला, तो गाजला आणि २००६ मध्ये त्याच सिनेमातला जॅक स्पॅरो राईडमध्ये येऊन बसला. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जगभरच्या बाहुल्यांमध्ये डिस्नेची पात्रं मिसळली. त्या बाहुल्यांचं रंगरूप ठरवणाऱ्या मेरी ब्लेअरच्या घरच्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, पण पात्रं राहिली.

आणि मिकी? ज्या पार्कचं पहिलं नाव त्याच्यावरून ठरलं होतं, तिथे त्याला स्वतःची, बसून फिरायची राईड मिळाली २७ जानेवारी २०२३ ला. पार्क सुरू झाल्यावर ६७ वर्षांनी.