अकरांत कोण? — कै. पालवणकर बाळू यांचें चरित्र

गेल्या हिवाळ्यांत एका शनिवारीं अवकाळी पाऊस आला आणि आमच्या मुलांचा ठरलेला सामना बुडाला. वरच्या वर्गांतील मुलें वऱ्हांड्यांत बसलीं व वेळ घालविण्यासाठीं वाद करूं लागलीं. मुंबईच्या चौरंगी व पुढें पंचरंगी झालेल्या सामन्यांत जो हिंदु संघ खेळत असे, त्याचे आरंभापासून अखेरपर्यंतचे सर्वोत्तम अकरा खेळाडू कोणते, असा तो वाद होता. ते सामने १९४६ सालीं कायमचे बंद झाले. ज्यांनीं ते पाहिले अशीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींही राहिलीं नाहींत. तरी मुलांचा उत्साह असा कीं, जणूं उद्यांच संघ मैदानावर उतरावयाचा आहे.

पहिलीं नांवें भराभर पडलीं. कर्नल सी. के. नायडू यांच्याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. १९२६ सालीं मुंबईच्या जिमखान्यावर इंग्रज पाहुण्यांच्या संघाविरुद्ध त्यांनीं ११ षट्कार मारून १५३ धांवा केल्या, ही गोष्ट लहान मुलासही पाठ होती. विजय मर्चंट, प्रो. देवधर, विनू मंकड, अमरसिंग, यष्टींमागें पुण्याचे जनार्दन नवले, अशी यादी वाढत गेली. एकानें सांगलीचे विजय हजारे यांचें नांव घेतलें. त्यास दुसऱ्यानें लागलीच अडविलें. हजारे ख्रिस्ती असल्यामुळें ते इतरेजनांच्या संघांतून खेळत. त्या संघानें १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांत एका डावांत केलेल्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या, आणि त्या हिंदु संघाविरुद्धच होत्या! धर्मावरून संघ पाडण्याची ती रीत किती विचित्र होती, हें मुलांच्या ध्यानांत येण्यास एवढें एक उदाहरण पुरलें. कोल्हापूरच्या मुलांनीं भाऊसाहेब निंबाळकरांचें नांव घेतलें नसतें तरच नवल. परंतु त्यांच्या १९४८ सालच्या नाबाद ४४३ धांवा महाराष्ट्र संघाकडून काठेवाडाविरुद्ध झालेल्या असल्यामुळें तें नांव मोठ्या जड मनानें बाजूस ठेवावें लागलें.

यादी पुरी झाली तेव्हां तींत एक नांव नव्हतें. आम्हीं तें सुचविलें, तर निम्म्या मुलांनीं तें ऐकलेलेंही नव्हतें. म्हणून हा लेख.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील, जात चांभाराची. वडील सैन्यांत नोकरीस होते व पुढें कुटुंब पुण्यास राहिलें. गोऱ्या शिपायांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम खेळावयास शिकले. शाळा लौकरच सुटली, कारण घरास पैशांची गरज होती. पारशी लोकांच्या एका क्लबांत खेळपट्टी झाडणें व तिच्यावर रूळ फिरविणें हें काम बाळूंस दरमहा ३ रुपयांवर मिळालें. कधीं मधीं सभासदांस सरावासाठीं ते चेंडूही टाकीत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबांत गेले. तेथें पगार ४ रुपये झाला. रूळ फिरविणें, जाळें बांधणें, मैदानाची निगा राखणें हीं कामें होतींच.

या क्लबांत कॅप्टन ग्रेग नांवाचे एक उत्तम फलंदाज होते. ते रोज इतरांच्या आधीं येत व बाळूंकडून तासन्‌ तास चेंडू टाकवून घेत. दर वेळीं आपणांस बाद केलें म्हणजे ते बाळूंस आठ आणे बक्षीस देत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढें मात्र निश्चित कीं ग्रेग यांची फलंदाजी व बाळूंची गोलंदाजी एकाच जाळ्यांत वाढली. मात्र त्या क्लबांत बाळूंच्या हातीं बॅट कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम आणि बॅट धरणें हें साहेबाचें, अशी त्या काळची समजूत होती. आमच्या शाळेंतही लहान मुलांस नुसते चेंडू आणावयास लावणारे कांहीं वीर आहेत. त्यांनीं हें वाक्य पुनः वाचावें.

बाळू डाव्या हातानें मंद गतीचे, वळणारे चेंडू टाकीत. चेंडू टाकण्याची ढब एकच, पण कोणता चेंडू आंत येईल, कोणता बाहेर जाईल आणि कोणता अगोदरच खालीं बसेल हें फलंदाजास कळत नसे. चेंडूवर ताबा इतका कीं दिवसभर टाकला तरी टप्पा सुटत नसे. पुण्याच्या हिंदूंच्या क्लबास गोऱ्यांच्या संघावर विजय मिळवावयाचा होता, आणि त्यासाठीं असा गोलंदाज दुसरा कोणी नव्हता. मग प्रश्न उपस्थित झाला: चांभाराच्या मुलास संघांत घ्यावें कीं नाहीं? कांहींनीं विरोध केला. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली व बाळू संघांत आले.

परंतु संघांत येणें व पंक्तींत येणें या दोन निराळ्या गोष्टी होत्या. मैदानावर ज्या चेंडूस बाळूंचा हात लागे तोच चेंडू सर्व खेळाडू हातांत घेत. पण चहाची वेळ झाली कीं बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या पात्रांत चहा मिळे, आणि जेवणासाठीं त्यांची थाळी निराळ्या जागीं मांडली जाई. ज्या गोलंदाजानें सकाळीं पांच सहा गडी बाद केले तोच दुपारीं एकटा जेवीत बसलेला आहे, हें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. आपल्या कोल्हापुरास याच प्रश्नाचें उत्तर पुढें एका चहाच्या दुकानांत मिळालें. राजर्षि शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांस भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान घालावयास साहाय्य केलें, आणि स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेतला. बरोबरच्या मंडळींसही तो घ्यावा लागला. पुण्याच्या त्या मंडपांत असा कोणी राजा नव्हता. तरी न्यायमूर्ति रानड्यांसारख्या सुधारकांनीं बाळूंचा जाहीर गौरव केला, हें नमूद केलें पाहिजे.

पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें त्या सुमारास, १८९६ च्या आगेंमागें, बाळू मुंबईस आले. कांहीं काळ पलटणींत व नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेंत त्यांस नोकरी मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या संघांत त्यांचा प्रवेश वाद झाल्यावांचून झाला नाहीं. पण तेथें पुण्यापेक्षां वारें मोकळें होतें आणि हळूहळू त्यांचें पान इतरांच्या शेजारीं मांडलें जाऊं लागलें.

१९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदु विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ व दुसऱ्यांत १६० धांवा केल्या; युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. १०९ धांवांनीं हिंदु जिंकले. बाळूंनीं दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले, पैकीं ५ शेवटच्या डावांत. शिवराम हेही त्या सामन्यांत होते. राज्य करणाऱ्यांस त्यांच्याच खेळांत, त्यांच्याच मैदानावर हरवितां येतें, ही गोष्ट त्या दिवशीं मुंबईच्या रस्त्यारस्त्यांतून बोलली गेली. वंगभंगानंतरचे ते दिवस होते. तेव्हां या विजयास खेळापलीकडचा अर्थ आला यांत आश्चर्य नाहीं.

१९११ सालीं हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ विलायतेस गेला. पतियाळाचे महाराज भूपेंद्रसिंग त्याचे कप्तान होते, पण ते दरबारी समारंभांतच अधिक गुंतले. संघाची कामगिरी एकंदरींत बेताचीच झाली. मोठ्या १४ सामन्यांपैकीं २ जिंकले व १० हरले. या पडझडींत एकटे बाळू उठून दिसले. त्यांचें वय पस्तीस, खांदा दुखत असलेला, आणि हवा परकी. तरी त्यांनीं सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत ८ गडी त्यांनीं टिपले. तेथील जाणत्यांनीं त्यांची गणना पहिल्या प्रतीच्या गोलंदाजांत केली. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी कामगिरी हीच होय. कारण घरच्या मैदानावर चमकणारे पुष्कळ असतात. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या काळीं तरुण भीमराव आंबेडकरांसही बाळूंविषयीं मोठा अभिमान वाटत असे.

१९१३ पर्यंत विठ्ठल व गणपत हे धाकटे बंधुही मोठे होऊन हिंदु संघांत आले. एकाच घरचे चौघे भाऊ एका संघांत खेळले. बाळू संघांतील सर्वांत अनुभवी खेळाडू, आणि यशाचा मोठा वाटा त्यांचा. तेव्हां कप्तान त्यांसच करावें, असें कोणासही वाटेल. वर्षामागून वर्षें हा प्रश्न निघे व वर्षामागून वर्षें उच्च जातीच्या कोणा तरी खेळाडूची निवड होई. गोलंदाजी त्यांची, पण चेंडू कोणाच्या हातीं द्यावयाचा हें ठरविण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा!

१९२० सालीं हें गळूं फुटलें.  बाळूंचें वय चव्वेचाळीस. त्यांस संघांतून वगळण्यांत आलें. कप्तान पै आजारी पडले, तेव्हां त्यांच्या जागीं विठ्ठल अथवा शिवराम यांपैकीं कोणास न नेमतां प्रो. देवधरांस नेमण्यांत आलें. देवधर थोर खेळाडू होते. पुढें त्यांनीं महाराष्ट्राच्या संघास १९३९–४० व १९४०–४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक मिळवून दिला. त्यांचा येथें दोष नाहीं. परंतु विठ्ठल व शिवराम खेळांत आणि अनुभवांत त्यांहून ज्येष्ठ असतां केवळ जातीमुळें डावलले गेले, अशी दोघां भावांची खात्री झाली. त्यांनीं जाहीर पत्रक काढून संघांतून अंग काढून घेतलें. वृत्तपत्रांतून व मैदानावर मोठी खळबळ उडाली. अखेर निवड करणाऱ्यांस माघार घ्यावी लागली: अंतिम सामन्यासाठीं दोघे भाऊ परत आले, बाळूंस संघांत घेऊन उपकप्तान नेमलें, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघाचें नेतृत्व बाळूंनीं केलें.

याच वर्षाच्या मार्च महिन्यांत कोल्हापूर संस्थानांतील माणगांव येथें अस्पृश्यांची परिषद भरली होती व शाहू महाराजांनीं तेथें जाऊन डॉ. आंबेडकरांचा गौरव केला होता. एकाच सालांत एका बाजूस माणगांव आणि दुसऱ्या बाजूस चौरंगीचें मैदान; दोन्हीकडे प्रश्न एकच होता, म्हणून आम्हीं मुद्दाम दोहोंचा एकत्र उल्लेख केला.

बाळूंचा खेळ येथें संपला. मोठ्या दर्जाचे ३३ सामने ते खेळले. त्यांत १७९ गडी त्यांनीं बाद केले, व दर गड्यामागें सरासरी १५ च्या थोड्या वर धांवा दिल्या. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कप्तान झाले. त्या वर्षीं युरोपियनांस हरवून संघानें चौरंगी जिंकली व लोकांनीं विठ्ठलांस खांद्यांवर घेतलें. थोरल्या भावास जें दहा वर्षें नाकारलें गेलें तें धाकट्यास मिळालें.

पुढें बाळू सार्वजनिक कार्यांत उतरले. १९३२ च्या पुणें कराराखालीं त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस मुंबईंत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. ज्या तरुणानें एके काळीं त्यांचा अभिमान बाळगला त्याच्याशींच हा सामना व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावयाचा. बाळूंनीं ही निवडणूक लढवावयास नको होती, असें आम्हांस वाटतें. पण कोणाच्या आग्रहापुढें कोणास मान तुकवावी लागते, हें बाहेरून सांगणें सोपें असतें. १९५५ च्या जुलै महिन्यांत मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

हें सर्व आम्हीं मुलांस सांगितलें, तेव्हां वाद थांबण्याऐवजीं वाढला. बाळू एकही कसोटी सामना खेळले नाहींत, असा आक्षेप एकानें काढला. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला व तेव्हां बाळू ५६ वर्षांचे होते, असें दुसऱ्यानें उत्तर दिलें. मंकड हेही डावखुरे, तेव्हां दोघांपैकीं एकासच घ्यावें, असें तिसऱ्याचें म्हणणें पडलें. त्यावर मंकडांस फलंदाज म्हणून वर ढकलण्यांत आलें. शेवटीं बाळू अकरांत आले. कप्तान नायडू, देवधर, विठ्ठल कीं बाळू, यावर मात्र हात वर करून मतें घेतलीं तरी निकाल लागेना. इतक्यांत पाऊस उघडला व मुलें मैदान पाहावयास पळालीं. तो कागद अजून आमच्या मेजाच्या खणांत आहे; त्यावर अकरा नांवें आहेत आणि कप्तानाची जागा कोरी आहे.